कोरं कापड, जुनं लुगडं

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण बसले की दुसरंच काहीतरी लिहून उठायचे. कधी पावसाबद्दल, कधी जुन्या शाळेबद्दल. आज मात्र ठरवून बसले आहे. विषय वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. गोधडीला खालून लावायचं कापड आधी धुवून घ्यावं की नाही, एवढाच. पण त्यात एका मुलीवर विनाकारण आलेला ठपका आहे, आणि तो मी वेळेवर पुसला नाही. आमच्या घरचे बरेच जण हे वाचतात, म्हणून इथेच सांगते.

मागच्या वर्षी श्रावणात मला पणतू झाला. बातमी आली तेव्हाच ठरवलं की बारशाला आपण हातची गोधडी न्यायची. दुपटं नाही, चांगली मोठी गोधडी. दुपटं वर्षभरात लहान पडतं, गोधडी पोरगं कॉलेजात जाईपर्यंत पुरते.

वरच्या बाजूला लावायला माझ्याकडे आईचं लुगडं होतं. डाळिंबी रंगाचं, रुंद काठाचं नागपुरी नऊवारी. १९७३ साली मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी ते तिला घेतलं होतं. आधी काही वर्षं तिने ते फक्त लग्नकार्यात नेसलं, मग सणावाराला, आणि शेवटी रोजच्याला. १९९८ साली आई गेली. तिच्या पेटीतून मी एवढं एकच मागून घेतलं. इतकी वर्षं ते माझ्या कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात होतं. हात लावला की सायीसारखं लागायचं.

आतल्या भरीला यांची दोन जुनी धोतरं होती. प्रश्न राहिला खालच्या अस्तराचा. त्यासाठी मी खामगावच्या बाजारातून नवा मांजरपाट आणला. आणि तो तसाच, न धुता लावला.

आता इथे थोडं थांबते, कारण आजकालच्या मुलींना यात काय बिघडलं ते कळणार नाही.

कापड मागावर असतं तेव्हा त्याचा उभा धागा, म्हणजे ताणा, घट्ट ओढून धरलेला असतो. शिवाय विणताना तुटू नये म्हणून त्याला खळ पाजलेली असते. कोष्टी लोक याला पांजणी करणं म्हणतात. विणून झाल्यावरही कारखान्यात कापड ओढत, गुंडाळत, इस्त्री होत पुढे जातं. म्हणजे दुकानात ठाण उलगडून दुकानदार आपल्याला जी लांबी मोजून देतो, ती ताणलेल्या कापडाची लांबी. घरी आणून पाण्यात टाकलं की खळ सुटते, कापसाचा धागा पाणी पिऊन फुगतो, एकमेकांच्या वरून-खालून जाणारे धागे जास्त वळणं घेतात, आणि कापड आखडतं. लांबीत जास्त, पन्ह्यात कमी.

मी वर्गात हे सांगताना कवायतीचं उदाहरण द्यायची. ‘सावधान’ म्हटलं की पोरं दोन बोटं उंच दिसतात. ‘विश्राम’ म्हटलं की खांदे खाली येतात. पोरं तीच, फक्त ताण गेला. पाणी म्हणजे कापडाला दिलेला ‘विश्राम’ आहे.

हो, वर्गात! हे सगळं मी शिवणाच्या तासाला मुलींना शिकवत होते. ‘कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यावे’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याचा हिशेब नाही. मुलींच्या वह्यांत ते मापांच्या आधी असायचं. आणि स्वतःच्या पणतवाची गोधडी शिवताना मीच ते विसरले?

विसरले नाही, हेच तर सांगायचं आहे. चांगलं आठवत होतं. पण झड लागली होती, अंगणात काही वाळत नव्हतं. बारशाला तीन आठवडे राहिले होते. आणि खरं कारण वेगळंच होतं. मला ते कापड कोरं द्यायचं होतं.

आपल्याकडे कोऱ्या कापडाचा मान मोठा. आहेराला कोरं, पूजेला कोरं. नवं वस्त्र अंगावर घालण्याआधी कोपऱ्याला हळदीकुंकू लावतो. धुतलेलं कापड आहेरात दिलं तर बायका बोट लावून लगेच ओळखतात. धुतलेला मांजरपाट चुरगळलेला, दुबळा दिसतो. न धुतलेला कसा करकरीत, ताठ! गोधडी उलटी केली तर ‘आजीने नवं कापड वापरलं’ असं दिसावं, असा माझा हिशेब.

गंमत अशी की तान्ह्या बाळासाठी आपली रीत बरोबर उलटी. त्याची पहिली झबली, टोपडी, लंगोट जुन्या धुवट कापडाचे करायचे. खळ टोचत नाही, शिवण रुतत नाही. आहेराला कोरं आणि बाळाला जुनं, या दोन्ही रीती आपल्याच, आणि माझ्या गोधडीत त्या दोन्ही पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. वर पंचवीस वर्षं धुतलेलं लुगडं, खाली एकदाही पाणी न पाहिलेला मांजरपाट.

माझ्या आईने असं कधी केलं नसतं. तिच्या गोधडीत नवं काही नसायचंच. आमचं माहेर नांदुरा तालुक्यातलं, पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारं की साबणाचा फेस व्हायचा नाही, नुसता पांढरा साका बसायचा. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या बैलगाडीत घालून नदीवर न्यायच्या. दगडावर आपटून, पायाने तुडवून धुतलेल्या त्या गोधड्या काठावर पसरल्या की सगळ्या गावाची जुनी लुगडी एका जागी बघायला मिळायची. प्रत्येक थर वर्षानुवर्षं धुतलेला. ज्याला जेवढं आटायचं तेवढं तो आधीच आटून बसलेला. म्हणून त्या गोधड्या कितीही धुतल्या तरी चटईसारख्या सपाट राहायच्या. लोक म्हणतात, गरिबीमुळे जुनं वापरायचे. गरिबी होतीच, पण नुसती गरिबी नव्हती, त्यात समजही होती.

एकदा कधीतरी आत्याच्या लग्नातलं उरलेलं नवं छीट मी हौसेने गोधडीला लावायला काढलं. मी तेव्हा सातवीत असेन. आई म्हणाली, “नव्या कपड्याचा भरोसा नोको धरू वं. पयले पान्यात बुडव, मंग कात्री लाव.” पुढे शिक्षिका झाल्यावर मी तेच वाक्य शुद्ध करून फळ्यावर लिहीत होते, एवढंच.

तर गोधडी शिवली. फरशीवर चारही थर पसरले, कोपऱ्यांवर डबे आणि वरवंटा ठेवला, कच्चे टाके घातले आणि कडेपासून धावदोरा घेत, फेरे घालत मध्यापर्यंत आले. रोज दुपारी दोन-अडीच तास. डोळे साथ देत नाहीत, सुईत दोरा शेजारची पोरगी ओवून द्यायची. तयार झाली तेव्हा २१० सेंटीमीटर लांब आणि १५० रुंद होती. बारशात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. मी उलटी करूनही दाखवली!

दिवाळीनंतर नातसुनेचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालं आहे. “आजी, माझ्याकडून एक चूक झाली. बाळाने गोधडी ओली केली म्हणून मी मशीनला लावली. बाळाचे कपडे लावते त्याच गरम पाण्यावर. ती सगळी... आकसली.”

तिने फोटो पाठवला. लुगड्यावर नांगरटीच्या रानासारख्या वळ्या उभ्या राहिल्या होत्या. खालचा मांजरपाट आखडला, पण वरचं लुगडं तसूभरही आटणारं नव्हतं. तेवढंच लुगडं आता कमी जागेत मावायचं होतं, म्हणून दोन टाक्यांच्या मधे ते फुगून वर आलं. आणि मशीनमध्ये त्या वळ्यांचे माथे घासून तीन ठिकाणी विरले, फाटले. एक जागा तर काठाजवळची.

मी म्हटलं, “असू दे गं, होतं असं.” झालं. एवढंच म्हटलं. ‘तुझी चूक नाही’ असं नाही म्हटलं.

डिसेंबरात घरातलं एक लग्न होतं. तिथे हा विषय निघाला. एका वडीलधाऱ्या बाईंनी (नाव घेत नाही, वाचतीलच त्या) पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं, “आजकालच्या पोरींना काय कळतं? आजेसासूच्या आईचं लुगडं, आणि मशीनमध्ये टाकलं!” दोघीतिघींनी माना डोलावल्या. नातसून वाढायला उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत गेली. मी माझ्या पानात बघत जिलेबी खात बसले. पन्नास वर्षं पोरींना ‘चूक कबूल करा’ शिकवणारी बाई!

त्या रात्री झोप लागली नाही. तरी मनाने एक वाट काढलीच. म्हटलं, कशावरून अस्तराचीच चूक? गरम पाणी होतं, मशीनची घुसळण होती. मी सांगितल्यासारखं हाताने, गार पाण्यात धुतलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. घरी परत आल्यावर मी पुरावा गोळा करायला बसले. खरं सांगायचं तर मशीनच्या विरुद्ध पुरावा.

त्याच दुकानातून तोच मांजरपाट आणला. दोन तुकडे घेतले. दोन्हींवर १०० सेंटीमीटर लांब आणि १०० रुंद मोजून रंगीत दोऱ्याच्या खुणा घातल्या. एक तुकडा गार पाण्यात रात्रभर भिजवून हाताने धुतला, सावलीत वाळवला. दुसरा सुनेकडून मशीनमध्ये गरम पाण्यावर धुवून घेतला. असं तीन-तीन वेळा. लुगड्याचं उरलेलं टोक होतं, त्यावरही खुणा करून तेही हाताने धुतलं.

हाताने धुतलेला तुकडा लांबीत ९५ झाला. मशीनमधला ९३. पन्ह्यात दोन्ही ९७-९८ च्या आसपास. लुगड्याच्या खुणा जिथल्या तिथे.

म्हणजे मशीनने फार तर दोन सेंटीमीटर जास्त आटवलं. बाकीचे पाच गार पाण्यातही आटणारच होते. पहिलं धुणं कोणीही, कसंही केलं असतं, तरी गोधडीवर वळ्या येणारच होत्या. ते धुणं तिच्या वाट्याला आलं, एवढाच तिचा दोष. वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

दोन दिवसांनी संक्रांत होती. तिळगूळ घ्या म्हणायला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. कापड न धुता लावलं, मुद्दाम लावलं, आणि पंगतीत गप्प बसले, तेही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “म्हणजे मी नव्हते?” मी म्हटलं, “नाही बाई, तू नव्हतीस.” मग म्हणाली, “आजी, तेव्हापासून मी ती कपाटात ठेवली आहे. बाळाच्या अंगावर घालायचा धीरच होत नव्हता.”

अख्खी थंडी गेली होती. ज्याच्यासाठी गोधडी शिवली, तो बाजारच्या पांघरुणात झोपत होता आणि आईचं लुगडं पुण्यात कपाटात बंद होतं. हे मला फाटण्यापेक्षा जास्त लागलं.

मे महिन्यात ती बाळाला घेऊन आठ दिवस आली. येताना गोधडी आणली. आम्ही दोघींनी सगळे टाके उसवले. शिवायला तीन आठवडे लागले होते, उसवायला तीन दुपारी पुरल्या. मी सुईने टाका उचलायचा, तिने छोट्या कात्रीने कापायचा. लुगडं मोकळं झालं तेव्हा पाण्याचा हबका मारून, हाताने सारखं करून वाळवलं. वळ्या गेल्या. फाटलेल्या तीन जागांना मागून जुन्याच धोतराचे तुकडे लावून बारीक रफू केलं. दिसतं, पण मला आता ते दिसलं तरी चालतं.

नवीन अस्तर आणावं का? मी आणायला निघाले होते. ती म्हणाली, “आजी, पण हा मांजरपाट आता आटलाय ना? मग हाच चांगला की!” बघा, मास्तरीण कोण आणि विद्यार्थिनी कोण! तोच मांजरपाट आता धुवट झाला होता, भरवशाचा झाला होता. फक्त लांबीला १५ सेंटीमीटर आणि रुंदीला चार-पाच कमी पडत होता. तिच्या एका जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या जोडून ते माप भरून काढलं. तीही ओढणी शंभर वेळा धुतलेली.

या निमित्ताने थोडी माहिती काढली, ती सांगते. अमेरिकेत रजया शिवणाऱ्या बायकांत यावरून चक्क दोन पक्ष आहेत. एक पक्ष सगळं कापड आधी धुतो. दुसरा मुद्दाम धुवत नाही, कारण शिवल्यावर पहिल्या धुण्यात जी बारीक सुरकुती येते, ती त्यांना आवडते, जुन्या रजईसारखी दिसते म्हणून. पण त्यांचे वरचे-खालचे दोन्ही थर नवेच असतात, बरोबरीने आटतात. बंगालच्या जुन्या कांथा मात्र आपल्या गोधडीसारख्याच, जुन्या साड्या आणि धोतरांचे थर घालून केलेल्या. म्हणजे कापड आटतं यात काही वाईट नाही. शेजारी शेजारी शिवलेल्यांपैकी एकाने आटायचं आणि दुसऱ्याने नाही, तिथे घोळ होतो.

माझ्या पिढीला कापडाच्या काठावरचा ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास ही युक्ती काढली. दमट कापड जाड रबरी पट्ट्यावर दाबून कारखान्यातच आखडवून ठेवायचं, म्हणजे घरी १०० ला एकापेक्षा जास्त आटत नाही. साध्या मांजरपाटावर असलं काही केलेलं असेल हे धरून चालू नका. टेरिकॉट फारसं आटत नाही, म्हणून कोऱ्या सुतीला टेरिकॉट जोडू नका, तिथेही वळ्या येतातच.

आमच्या खामगावात कापूस काय कमी आहे? १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथला कापूसबाजार आणि जलंबहून येणारा रेल्वेफाटा सुरू करायला आले होते. तेव्हापासून आमचा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. पण कापसाच्या गावात राहून कापडाचा स्वभाव कळतोच असं नाही, हे माझ्यावरून दिसलं.

आता ज्यांना गोधडी शिवायची आहे त्यांच्यासाठी. अस्तर मापापेक्षा मीटरला दहा सेंटीमीटर जास्त घ्या. कापलेल्या टोकांना आधी एक कच्ची टीप मारा, नाहीतर दशा सुटून गुंता होतो. रात्रभर भिजवा, खळ जाईपर्यंत दोन-तीन पाणी बदला. गडद रंगाचं असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, म्हणजे रंग वरच्या कापडाला लागणार नाही. करकचून पिळू नका, कापड तिरकं होतं. थोडं ओलसर असताना इस्त्री करा. दोन-तीनदा असं केलंत तर उत्तम, कारण सगळं आटणं एका धुण्यात होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जी धुणार आहे ती जशी धुणार आहे, तसं तुम्ही आधी धुवा. ती गरम पाण्यावर मशीनला लावणार असेल तर तुम्हीही तेच करा. आपण नदीवर धुवायचो हे तिला सांगून उपयोग नाही.

गोधडी आता पुण्यात आहे. पणतू तिच्यावर लोळतो, ओली करतो, काठ तोंडात घालतो. दर पंधरा दिवसांनी ती मशीनला लागते आणि सपाट बाहेर येते. परवा तिने फोटो पाठवला होता, माप घेऊन! २१० ला अर्धा सेंटीमीटर कमी.

असो. नवरात्र जवळ आलं आहे, घरोघरी गोधड्या निघतील. आणि त्या पंगतीतल्या आमच्या वडीलधाऱ्या बाईंना एकच विनंती आहे. तुमचं म्हणणं चुकलं नव्हतं, फक्त ज्या पोरीला उद्देशून होतं ती पोरगी पंच्याहत्तरीची आहे आणि तेव्हा तुमच्या शेजारच्याच पाटावर बसली होती. नातसुनेला एकदा फोन करा. नंबर माझ्याकडे आहे.